एका दाताचे बारा हजार कशाचे?



लग्नसराई जवळ आली की या पानाकडे एक प्रश्न हमखास येतो. मुलीचे, हल्ली मुलाचेही, समोरचे दात पिवळे-तपकिरी आहेत. मोबाइलवर जाहिरात पाहिली, दवाखान्यात जाऊन चौकशी केली. डॉक्टर म्हणाले, वरच्या आठ दातांना व्हिनीअर बसवू, एका दाताचे १२,००० रुपये. म्हणजे ९६,०००. बचत गटातून चाळीस हजार उचलता येतील, उरलेले दवाखानाच हप्त्याने करून देतो म्हणतो. बसवावेत का? आणि एका दाताचे बारा हजार नेमके कशाचे घेतात?

"दात काय दाखवायचे असतात का, भाकरी चावता आली म्हणजे झालं," असे म्हणणारे वडीलधारे आपल्या घराघरांत आहेत. आम्ही तसे म्हणणार नाही. हसू आले की ओढणी तोंडावर धरणारी मुलगी, मॉलमधल्या नोकरीच्या मुलाखतीत ओठ मिटून बोलणारा मुलगा, ही आपलीच लेकरे आहेत. चांगले दात हवेसे वाटणे हा नखरा नव्हे. विनयपिटकात तथागतांनी भिक्खूंना दातवणाची परवानगी दिल्याचा प्रसंग आहे. दातवण चार अंगुळांपेक्षा आखूड नको आणि आठ अंगुळांपेक्षा लांब नको, इथपर्यंत नियम घालून दिला आहे. दातवण न केल्याने तोंडाला दुर्गंधी येते, अन्न गोड लागत नाही, हेही सांगितले आहे. ज्यांनी घरदार सोडले त्यांच्याही दातांची तिथे काळजी घेतली आहे, तर संसारी माणसाने दातांचा विचार केला म्हणून त्यात कमीपणा काही नाही. पाहायचे एवढेच, की कर्ज काढून जे बसवणार ते काय आहे, आणि आपल्या दातांना तेच हवे आहे का.

व्हिनीअर म्हणजे काय

कॅप आपल्याला माहीत आहे. रूट कॅनॉल केलेल्या दातावर टोपीसारखी सगळीकडून बसते ती कॅप. व्हिनीअर फक्त दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवतात. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या नखाएवढी. भिंतीवर टाईल बसवावी तसा हा प्रकार, आणि टाईलचेच नियम त्याला लागू. भिंतीला ओल असेल तर टाईल टिकत नाही. दात किडलेला, हिरडी सुजलेली असेल तर व्हिनीअर टिकत नाही.

याची सुरुवात झाली ती अमेरिकेत सिनेमासाठी. १९३० च्या आसपास चार्ल्स पिंकस नावाचे दातांचे डॉक्टर हॉलीवूडच्या नटनट्यांच्या दातांवर चित्रीकरणापुरती पातळ कवचे लावून देत. चित्रीकरण संपले की ती काढून ठेवायची, कारण दाताला कायमचे धरून ठेवील असा चिकटवायचा पदार्थच तेव्हा नव्हता. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवून दिले, की दाताच्या पृष्ठभागावर थोडा वेळ ॲसिड लावले तर तो सूक्ष्म खरबरीत होतो आणि प्लॅस्टिकच्या जातीचा पदार्थ त्याला घट्ट धरतो. १९८० नंतर चिनी मातीची पातळ कवचे याच युक्तीने कायमची चिकटवता येऊ लागली. आजही बसवताना दातावर ॲसिड लावतात ते यासाठी. ते ऐकून घाबरायचे कारण नाही.

आज मुख्य प्रकार दोन. एक कंपोझिटचे. दातात भरायचे जे दातासारख्या रंगाचे सिमेंट असते तेच डॉक्टर खुर्चीवरच दाताच्या पुढच्या बाजूला थराथराने लावतात, निळ्या दिव्याने घट्ट करतात आणि घासून चमकवतात. दुसरे सिरॅमिकचे, म्हणजे चिनी मातीच्या जातीचे. ते लॅबमध्ये तयार होऊन येते. आपल्या शहरांत कंपोझिटचा दर एका दाताला साधारण २,००० ते ६,००० रुपये, सिरॅमिकचा ८,००० ते २०,००० रुपये, आणि मोठ्या शहरातल्या चकचकीत भागात त्याहूनही वर. कंपोझिट साधारण चार ते सात वर्षे चालते, त्यावर डाग चढतो, टवका उडतो, पण तेवढाच भाग पुन्हा भरता येतो. सिरॅमिक नीट बसवले आणि नीट वापरले तर दहा ते पंधरा वर्षे जाते, रंग धरत नाही. फुटले तर मात्र बहुतेक वेळा पूर्ण नवेच करावे लागते.

बारा हजारांची फोड

दवाखान्यातून बाहेर पडताना आपल्या मनात येते, एवढ्याशा चकतीचे बारा हजार? हा डॉक्टर लुटतोय. कधीकधी ते खरे असते, पण नेहमी नाही. फोड करून पाहू. आकडे ढोबळ आहेत, गावागावाप्रमाणे फिरतील.

सिरॅमिक व्हिनीअरची लॅब डॉक्टरकडून एका दाताचे साधारण दोन ते चार हजार रुपये घेते. ते काम पाहिले तर दर जास्त वाटत नाही. दाताचे माप लॅबमध्ये जाते. तिथला कारागीर मेणाचा दात कोरतो, त्याचा साचा करतो, नऊशे अंशांच्या वर तापलेल्या भट्टीत मऊ केलेले सिरॅमिक त्या साच्यात दाबतो. मग शेजारच्या दाताशी रंग जुळवत बारीक कुंचल्याने छटा देतो, पुन्हा भट्टीत घालून चकाकी आणतो. माणसाचा दात एकरंगी पांढरा नसतो. हिरडीजवळ पिवळसर, मध्ये भरीव, टोकाला थोडा पारदर्शक. एकरंगी केला की लांबून ओळखू येतो, शौचालयाच्या टाईलसारखा. (जाता जाता: हे काम शिकवणारा डेंटल मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, बारावी विज्ञाननंतर करता येतो. हातात कसब असलेल्या आपल्या मुलामुलींनी याची चौकशी करावी.)

पुढचे हजार-दीड हजार मापाच्या साहित्यात, तात्पुरत्या कवचात, चिकटवायच्या सिमेंटात जातात. हे सिमेंट बहुतेक परदेशी कंपन्यांचे असते, छोटीशी नळी हजारोंत येते आणि मुदत संपली की फेकावी लागते.

बारातले साधारण साडेसात हजार उरले. ते सगळे डॉक्टरच्या खिशात जात नाहीत. गाळ्याचे भाडे, वीज, हाताखालच्या ताईंचा पगार, हत्यारे वाफेवर निर्जंतुक करायचे यंत्र, दर माणसामागे नवे हातमोजे, खुर्ची आणि मशिनच्या कर्जाचे हप्ते यातूनच जातात. तोंडात कॅमेरा फिरवून माप घेणारा स्कॅनर असेल तर तो एकटाच अनेक लाखांचा. कितीतरी दवाखान्यांत रोजचे डॉक्टर बीडीएस असतात आणि व्हिनीअरसाठी एमडीएस झालेले तज्ज्ञ बाहेरून बोलावतात. त्यांचा वाटा वेगळा. बीडीएसची पाच वर्षे आणि एमडीएसची तीन, तीही खाजगी महाविद्यालयात लाखोंची फी भरून केलेली असतील, तर ती वसुलीही या बिलातच असते. शिक्षण महाग झाले की उपचार महाग होतो, हे दुखणे दातांपुरते नाही.

किंमत साहित्यात कमी आणि वेळ, जागा, मजुरीत जास्त असते याचा एक साधा पुरावा आहे. भारतात आणि अमेरिकेत चांगल्या दवाखान्यांत जे सिरॅमिक वापरतात ते पुष्कळदा एकाच कंपनीचे असते, युरोपातल्या लिश्टेनस्टाईन या चिमुकल्या देशातल्या इव्होक्लार कंपनीचे. तेच सिरॅमिक, तेच ॲसिड, तोच निळा दिवा. तरी अमेरिकेत एका दाताचे साधारण ९०० ते २,५०० डॉलर घेतात. तिथले कारागीर आणि दवाखान्याची जागा आपल्यापेक्षा कितीतरी महाग आहेत. म्हणूनच अमेरिकेतले, आखातातले नातेवाईक सुट्टीत आले की मुंबई-पुण्यात दात करून जातात.

मग एकाच शहरात एक दवाखाना आठ हजार आणि दुसरा वीस हजार का सांगतो? भाडे, पदवी, लॅब आणि सिरॅमिकची जात हे कारण असतेच. शिवाय चांगला डॉक्टर दात तासण्याआधी तोंडात तात्पुरता नमुना लावून आरसा हातात देतो, की असे दिसेल, चालेल का? त्याला वेळ जातो, तो वेळ बिलात येतो आणि तो खर्च वाजवी आहे. पण झगमगीत स्वागतकक्ष, मोबाइलवर सतत फिरणारी जाहिरात आणि हप्त्याच्या कंपनीचे कमिशन हेही बिलात येते, त्याचा आपल्या दाताला उपयोग शून्य. हृदयात बसवायच्या स्टेंटची कमाल किंमत सरकारने २०१७ मध्ये ठरवून दिली, तशी मर्यादा व्हिनीअरला नाही. म्हणून दर विचारणे, दोन ठिकाणी विचारणे आणि कमी करा म्हणणे यात लाजायचे काही नाही. आठ दात एकाच बैठकीत तासले तर डॉक्टरचा दातामागचा वेळ कमी होतो, पण बिल मात्र सरळ आठने गुणून येते. तिथे बोलून पाहावे.

बिलावर न लिहिलेला आकडा

आमच्या मते खरी गोष्ट पुढे आहे. सिरॅमिक बसवायला जागा करावी लागते, म्हणून दात पुढून साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर तासतात. दाताचे हे वरचे कठीण आवरण म्हणजे इनॅमल. समोरच्या दाताला टोकाशी ते जेमतेम एक मिलिमीटर असते, हिरडीजवळ त्याहून पातळ. केस कापले की वाढतात, नख कापले की वाढते, इनॅमल वाढत नाही. एकदा तासलेला दात जन्मभर कवचाशिवाय ठेवता येत नाही.

आता मुलीचे वय धरा २२. चांगले पंधरा वर्षे टिकले तर ३७ व्या वर्षी बदलायचे, मग ५२ व्या, मग ६७ व्या. म्हणजे ९६,००० हा पहिला हप्ता आहे, असे आणखी तीन पुढे आहेत, आणि तेव्हाचे दर आजचे नसतील. लग्नाच्या वेळी आईवडिलांनी, मामांनी हातभार लावला. सदतिसाव्या वर्षी तिच्या पदरात दोन मुले आणि त्यांच्या शाळेची फी असेल, तेव्हा हे कवच सुटले तर पैसे कोण आणणार? हा प्रश्न दवाखान्यात कुणी विचारत नाही, म्हणून आम्ही इथे विचारतो.

हप्त्याबद्दलही थोडे. "शून्य व्याज" असे लिहिलेले असते, पण प्रक्रिया शुल्क, हप्ता चुकला तर दंड आणि कधी बिलातच वाढवलेला दर, यांतून व्याज वसूल होते. रोख भरले तर किती आणि हप्त्याने किती, हे दोन आकडे कागदावर मागावेत. बचत गटाचे कर्ज शिलाई मशीनसाठी, बाळंतपणासाठी, अडीनडीला असते. आठ दात तासण्यासाठी ते उचलण्याआधी गटातल्या बायांशी बोलावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा आयुष्मान कार्डावर निव्वळ दिसण्यासाठीचे उपचार बसत नाहीत. "कार्डावर करून देतो" म्हणणाऱ्याकडून दूर राहावे.

डाग कशाचा ते आधी ओळखा

आपल्या वस्त्यांतल्या पिवळ्या-काळ्या दातांपैकी पुष्कळांना व्हिनीअरची गरजच नसते. डाग दाताच्या वरचा आहे की आतला, हे आधी ठरले पाहिजे.

मिश्री, तंबाखू, गुटखा, पान, चहा यांचा डाग वरचा. तो दात क्लीन करून म्हणजे स्केलिंग-पॉलिशिंग करून निघतो, खाजगीत साधारण ५०० ते १,५०० रुपयांत. क्लीन केल्याने दात ढिले होतात, हा समज चुकीचा आहे. दातांना धरून बसलेला दगडासारखा थर निघाला की आधीच ढिला असलेला दात ढिला जाणवतो, एवढेच. अंगणवाडीतून मिळणाऱ्या लोहाच्या औषधाने लहान मुलांचे दात काळे पडतात. तोही वरचाच डाग आहे, नंतर निघतो. त्यासाठी औषध बंद करू नये, औषध दिल्यावर चूळ भरायला लावावी. क्लोरहेक्सिडीनचे माऊथवॉश महिनोन्महिने वापरले तरी दात तपकिरी होतात. ते डॉक्टरने सांगितले तेवढेच दिवस वापरायचे असते.

एकच दात काळा-करडा झाला असेल तर बहुधा लहानपणी पडून मार लागून तो आतून मेलेला असतो. त्याला रूट कॅनॉल करून आतून उजळवता येते. एका दातासाठी शेजारचे चांगले सहा दात तासायला कुणी सांगत असेल तर उठून यावे.

आणि मग येतो तो हट्टी डाग, पाण्याचा. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असावे, दुसरे पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. हिरडीच्या आत पक्का दात तयार होत असतो त्या वयात, म्हणजे जन्मापासून साधारण आठ वर्षांपर्यंत, मुलाने जास्त फ्लोराइडचे पाणी प्यायले तर दातावर खडूसारखे पांढरे पट्टे येतात, जास्त असेल तर तपकिरी डाग आणि खड्डे पडतात. पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या वस्त्यांत विदर्भ-मराठवाड्यातून आलेली आपली माणसे आहेत. गाव सोडून वीस वर्षे झाली तरी दातावर गावचे पाणी अजून आहे. याला कुणी अस्वच्छता म्हणू नये. रोज दोनदा ब्रश करणाऱ्या मुलीचेही दात असे असतात, आणि तिला "दात घासत नाहीस का?" म्हणून टोमणे ऐकावे लागतात. सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनी तरी ते म्हणू नये.

या डागावरही एकदम सिरॅमिक हा पहिला उपाय नाही. सौम्य डाग असेल तर मायक्रोअब्रेशन करतात. विशिष्ट ॲसिड आणि बारीक भुकटी चोळून वरचा एक-दोन दशांश मिलिमीटरचा डागाळलेला थर काढतात. गरज पडली तर त्यानंतर दात उजळवतात, म्हणजे ब्लीचिंग. खड्डे असतील तिथे कंपोझिट भरतात. एवढ्याने दात जाहिरातीसारखे होत नाहीत, पण चारचौघांत हसण्यासारखे होतात, आणि खर्च काही हजारांत राहतो. फ्लोराइडचा जोर असलेल्या दाताला व्हिनीअर चिकटवणे नेहमीपेक्षा अवघड असते, ॲसिड जास्त वेळ लावावे लागते. म्हणून डॉक्टरने यापूर्वी असे दात केले आहेत का, ते विचारावे. डाग फारच गडद, खड्डे खोल आणि मूल वयात येऊन हिरड्या स्थिरावलेल्या असतील, तेव्हाच सिरॅमिकचा विचार करावा. अठराच्या आत तर नकोच.

आणि घरातले धाकटे मूल? थोरल्या मुलीच्या दातांवर लाख रुपये घालायला निघालेल्या घराच्या गावी तेच बोअरचे पाणी चार वर्षांचा नातू पितो आहे, हे पुष्कळदा कुणाच्या लक्षात येत नाही. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. साध्या कँडलच्या फिल्टरनेही जात नाही. आरओने बरेचसे जाते. पावसाचे साठवलेले पाणी आणि पुष्कळ ठिकाणी उथळ विहिरीचे पाणी बोअरपेक्षा बरे असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत लिटरभर पाणी नेऊन तपासून घेता येते. आकडा जास्त निघाला तर तो ग्रामसभेत मांडावा आणि दुसरे पाणी मागावे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते पाण्यावर सगळ्यांचा हक्क आहे हे सांगण्यासाठी. ते पाणी पिण्याजोगे असणे त्या हक्कातच येते.

मिश्रीवर व्हिनीअर नको

आयाबायांसाठी हे वेगळे सांगतो. पाचव्या शीलात दारूचे नाव येते म्हणून मिश्रीला सूट, असे आपल्याकडे अनेकजणी धरून चालतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात साफ होतात असे वाटते, कारण भुकटी खरखरीत असते. प्रत्यक्षात हिरडी खाली सरकते, दाताचे मूळ उघडे पडते, त्यावर खाचा पडतात, आणि तलफ लागते ती वेगळीच. पोटुशी असताना मिश्री लावली तर बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका असतो. मिश्री चालू असताना व्हिनीअर बसवले तर कवच आणि हिरडी यांच्या सांध्यात वर्षभरात काळी रेघ उमटते आणि हिरडी सरकली की तो सांधाच उघडा पडतो. पैसे पाण्यात.

गुटखा-सुपारी खाणाऱ्या तरुणांनी आरशापुढे उभे राहून आपलीच तीन बोटे उभी धरून वरच्या-खालच्या दातांत घालून पाहावीत. तीन बोटे जात नसतील, तिखट लागताच तोंड भाजत असेल, गालात आतून पांढरा चट्टा किंवा पंधरा दिवसांत न भरलेली जखम असेल तर दाताचा रंग राहू द्या बाजूला. ती कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते. सरकारी दंत रुग्णालयात त्याच आठवड्यात दाखवावे. व्हिनीअरसाठी आलेल्या माणसाचे सगळे तोंड जो डॉक्टर आधी तपासत नाही आणि थेट दर सांगतो, त्याच्याकडे काम करून घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्वस्तातले सौदे

ऑनलाइन काहीशे रुपयांत प्लॅस्टिकची दातांची पट्टी मिळते, वरून अडकवायची. फोटोपुरते ठीक, पण घालून जेवता येत नाही आणि तिच्याखाली अन्न अडकून दात किडतात. दुसरा प्रकार जास्त घातक. रस्त्याकडेला किंवा टपरीत बसून "हजार रुपयांत समोरचे दात पांढरे" करून देणारे. ते जो लगदा वापरतात तो तोंडातच कडक होतो, शेजारशेजारचे दात एकत्र चिकटवून टाकतात, हिरडीवर चढवतात. खाली कीड लागते, पू होतो, आणि शेवटी दात काढावे लागतात. काही ब्युटी पार्लरवाल्यांनीही हे सुरू केले आहे. कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या दंतवैद्यानेच हे काम करायचे आहे. दवाखान्यात नोंदणी क्रमांक लावलेला असतो, नसला तर मागावा. खरा डॉक्टर त्याचा राग मानत नाही.

दवाखान्यात बसल्यावर विचारायचे ते असे. माझा डाग वरचा की आतला? फक्त क्लीन करून, भरून भागेल का? दात किती तासणार, की न तासता होईल? कवच कशाचे, कोणत्या कंपनीचे, लॅबचे कार्ड देणार का? वर्षभरात सुटले तर पैसे घेणार का? पावती दाताच्या क्रमांकासह मिळेल का? शेवटचे दोन प्रश्न विचारले की दर सांगणाऱ्याचा आवाज बदलतो, त्यावरून बरेच कळते. आणि तासण्याआधी आपल्या दातांचा फोटो आपल्याच मोबाइलमध्ये काढून ठेवावा.

पैशाची ओढाताण असेल तर पहिला उंबरठा सरकारी असावा. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, फेऱ्या जास्त होतात, पण क्लीनिंग आणि कंपोझिट खाजगीच्या थोड्या भागात होते, आणि तिथल्या कुणाला आठ दात विकायची घाई नसते. खाजगी दंत महाविद्यालयांतही दर बाहेरच्यापेक्षा बरेच कमी असतात. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा. पहिल्या दिवशी तपासणी आणि एक्स-रे एवढेच होते, त्यामुळे रोजंदारी बुडणार असेल तर तसा दिवस ठरवून जावे. लग्नाची तारीख धरली असेल तर निदान तीन महिने हाताशी ठेवून जावे, कारण हिरड्यांची सूज उतरल्याशिवाय पुढचे काम कुणी हातात घेत नाही.